मुंगसाचे डोळे

"वहिनी, हे माझ्याकडे बघतंय," सबनीस म्हणाले.

मेलेला उंदीर शेपटीला धरून उचलावा, तसं त्यांनी ते मातीचं मुंगूस दोन बोटांत धरलं होतं.

"बघणारच," मी म्हटलं. "डोळे आहेत त्याला."

"तेच विचारतोय. असे डोळे का आहेत?"

त्यांनी पिशवीतून मुंबईच्या त्यांच्या महोत्सव समितीचं चित्र काढलं आणि मुंगसाशेजारी धरलं. चित्रातलं मुंगूस मागच्या पायांवर उभं, अंगात कबड्डीचा बनियन, उजवा हात वर केलेला, छातीवर महोत्सवाचं चिन्ह, आणि डोळ्यांच्या जागी दोन काळे ठिपके. आमचं मुंगूस शेपटीच्या टोकापर्यंत अगदी तसंच होतं. फक्त डोळे लांबट होते. वर पापणी होती, कोपऱ्यात गुलाबी छटा होती आणि वर कोरलेल्या भुवया होत्या.

"मुंगसाला भुवया असतात?" सबनीसांनी विचारलं.

"तुम्ही कधी जवळून बघितलंय मुंगूस?"

"नाही. तुम्ही?"

"आमच्या परड्यात रोज येतं."

"मग? असतात भुवया?"

"नसतात," मी म्हटलं. खोटं कशाला बोलायचं?

आमच्या गणपतीच्या कारखान्यातल्या तिन्ही भिंतींच्या मांडण्यांवर तीनएकशे मुंगसं उभी होती, आणि सगळीच्या सगळी त्या शहरी माणसाकडे शांतपणे बघत होती. उजवा हात वर, डोळ्यांत माया. घरी आलेल्या गणपतीसमोर बसलं की आपल्याला कसं वाटतं, तसंच त्यांच्यापुढे वाटायचं. लोक म्हणतात, करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. आमच्याकडे करायला गेलो मुंगूस आणि झाला गणपती.

दारात खुर्ची टाकून आमचा सरपंच हसुराम पाटील चहा पीत होता. त्याच्या चहात मी साखर घातली नव्हती. त्याने तोंड जरासुद्धा वाकडं न करता तो संपवला, एवढा तो पक्का होता.

"साहेब, मी तुम्हाला फोनवर बोललो ना," तो म्हणाला. "गावात पूजाबिजा सुरू झाली. तुमच्या चिन्हाची विटंबना नको व्हायला, म्हणून कळवलं. नाहीतर मला काय पडलंय?"

त्याला काय पडलं होतं ते सगळ्या करंबळीला ठाऊक होतं.

आमचं करंबळी पेणच्या पुढे, खाडीच्या अंगाला. घराघरात गणपतीचा कारखाना. कारखाना म्हणजे यंत्रं नव्हेत. एक लांब पडवी, शाडूचा ढीग, साचे आणि माणसं. गावाबाहेर गुरचरणाची एक सपाट जमीन होती, पंचायतीच्या ताब्यातली. तिथे काटेरी झुडपं माजली होती. गावातल्या मुलींनी ती झुडपं उपटली, आम्ही बायकांनी माती ओढली, चोपली, आणि तिथे कबड्डीचं मैदान झालं. माझी धाकटी नणंद प्रणाली तिथे खेळून जिल्ह्याच्या संघात गेली. त्या मैदानावर मुली होत्या, तोवर त्यांच्या लग्नाचा विषय घरात जरा दबूनच निघायचा. मैदान गेलं की खेळ जाणार, आणि खेळ गेला की घरचे स्थळं बघायला मोकळे, हे आम्हाला न सांगता कळत होतं.

मैदान सारखं झालं, आणि हसुरामला ती जमीन दिसायला लागली. आधी कित्येक वर्षं ती तिथेच होती, तेव्हा दिसली नव्हती. बंदराच्या बाजूची एक कंपनी कंटेनर ठेवायला जागा शोधत होती. झुडपं उपटली आम्ही, माती चोपली आम्ही, आणि आयत्या बिळावर हा नागोबा.

त्याच सुमारास मुंबईत आशियाई कबड्डी महोत्सव भरणार होता. समितीने जाहीर केलं, की जी मंडळं नफा न घेता लोकांसाठी काही काम करतील, त्यांना महोत्सवाचं नाव, चिन्ह आणि शुभंकर म्हणून निवडलेलं ते मुंगूस फुकट वापरता येईल. मी लगेच अर्ज केला. बायका मातीची मुंगसं करून तालुक्यातल्या शाळांना फुकट वाटतील, आणि मुली शाळाशाळांत जाऊन कबड्डी शिकवतील. परवानगी आली. मैदानाच्या तोंडाशी चिन्हाची मोठी निळी पाटी लागली, तिच्यावर महोत्सवाचं नाव आणि खाली आमच्या मंडळाचं. कंपनीचा माणूस एकदा येऊन ती पाटी वाचून गेला तो परत फिरकला नाही. आशियाचं नाव लागलेल्या जागेवर कंटेनर कोण ठेवणार? मी त्या पाटीला रोज फडक्याने पुसायची. देव्हारासुद्धा मी इतक्या वेळा पुसला नसेल.

आता ती पाटी या दोन ठिपक्यांपायी जाणार होती.

"वहिनी, नियम तुम्ही वाचलेत," सबनीस म्हणाले. आवाज चढवायचा नाही, ही त्यांची पद्धत होती. "विक्री नाही, राजकारण नाही, धर्म नाही. पेपरात काय छापून आलंय? करंबळीत अवतरला मुंगूसबाप्पा. वर फोटो. हार, हळदकुंकू, नारळ. उद्या दुसरे देश आम्हाला विचारतील, की तुमच्या महोत्सवाचं मुंगूस देव कधी झालं?"

"तो हार कोणी घातला ते विचारा," मी हसुरामकडे बोट केलं.

"मला तुमच्या गावच्या भांडणात पडायचं नाही."

"तुम्ही पडलायत. गुडघ्यापर्यंत."

त्यांनी माझ्याकडे न बघता मुंगूस परत मांडणीवर ठेवलं, ते सुद्धा पाठमोरं.

डोळे माझ्या सासूने काढले होते. ठमाबाय म्हणजे आमच्या गावातला आखणीचा हात. मूर्तीचे डोळे रंगवणं म्हणजे आखणी. ती सगळ्यात शेवटी होते आणि कारखान्यात एकाच माणसाने करायची असते. सासरे होते तोवर ते करायचे; ते गेल्यावर तिने ब्रश उचलला आणि मग कोणाला हातही लावू दिला नाही. आमच्यात एक पक्की रीत आहे. आखणी होईपर्यंत ती माती. हात तुटला, सोंड तडकली, तर मोडून पुन्हा भिजवायची. पण एकदा डोळे उघडले की मूर्ती फोडायची नाही. भंगली तर पाण्यात सोडायची. भटजी नंतर मंत्र म्हणून प्राण घालतात ते त्यांच्या जागी, पण डोळे आम्ही उघडतो, असं ठमाबाय तोंडावर सांगायची, भटजीच्या तोंडावर सुद्धा.

मुंगसं सुकून, रंगून तयार झाली तेव्हा मी चित्र तिच्यापुढे धरलं होतं.

"आय, दोनच ठिपके काढाचे हायत. जास्त काय नाय."

"मना ठिपके येत नाय."

"ठिपके कोनाला येत नाय?"

"मना. इतकी वर्सं यो हात एकच डोला काढतंय. आता म्हातारपनी त्याला नवीन शिकवू?"

"मग मी काढतंय."

तिने ब्रश मागे घेतला आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू मी तिच्या ताटातला मासा उचलला होता. "तू पानी भरून आन," ती म्हणाली.

मी पाणी भरून, भात टाकून, कोलंबी सोलून परत आले, तोवर दोन मांडण्या झाल्या होत्या. पापण्या, भुवया, गुलाबी कोपरे. मी कपाळाला हात लावला. तिला शिव्या घालायची सोय नव्हती, म्हणून मी नवऱ्याला घातल्या. तो बिचारा नुकताच कामावरून येत होता.

वर आणखी एक. वाटपाच्या आधी नारळ फोडायचा ठरला तर ती म्हणाली, "हसुरामला बोलव."

"त्याला? आय, मैदानासाठी पोटात दुखतंय ते त्याच्याच!"

"सरपंच हाय. नारल त्यानंच फोडाचा."

"शालेच्या बाई फोडतील."

"हसुराम," ती म्हणाली. विषय संपला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याला, असं मी मनातल्या मनात म्हटलं आणि त्याला आमंत्रण धाडलं.

तो आला, मांडण्या बघितल्या आणि दारातच थबकला. त्याच्या डोक्यात काय शिजलं ते मला तेव्हा दिसायला हवं होतं. तो अर्ध्या तासाने पेपरचा फोटोवाला घेऊन परत आला, हार घेऊन आला, हळदकुंकवाची वाटी घेऊन आला. सगळ्या गावासमोर हात धुऊन त्याने मुंगसाला हार घातला, नारळ फोडला, दोन्ही हात जोडून डोळे मिटले आणि मोठ्याने म्हणाला, "बाप्पा, गावाचं भलं कर!" बायकांनीही त्याचं बघून हात जोडले. डोळे तसे असले की हात आपोआप जोडले जातात. ठमाबाय कोपऱ्यात पाटावर बसून ब्रश धूत होती.

दुसऱ्या दिवशी पेपर आला, आणि पेपरापाठोपाठ सबनीस आले. ज्याने हार घातला त्यानेच फोन करून हार घातला म्हणून तक्रार केली होती. चोराच्या उलट्या बोंबा ऐकल्या होत्या, पण इतक्या सुरात कधी ऐकल्या नव्हत्या.

"तर आता असं," सबनीस म्हणाले. "परवानगी रद्द. पाटी आजच उतरवायची. आणि हे सगळं माझ्यासमोर नष्ट करायचं. मला फोटो काढून न्यावे लागतील."

"नष्ट म्हणजे?"

"म्हणजे फोडून टाकायचं. मातीच तर आहे."

कोपऱ्यातून ठमाबाय म्हणाली, "फोडाची नाय."

"आजी, समजून घ्या."

"समजले. फोडाची नाय. डोले उघडल्यात."

सबनीसांनी सुस्कारा टाकला. अडाणी गावात आल्यावर शिकलेला माणूस टाकतो तो सुस्कारा मला चांगला ओळखता येतो. त्यांनी मांडणीवरचं एक मुंगूस उचललं आणि हात खांद्यापर्यंत वर नेला. आपटणारच होते. पण मुंगूस त्यांच्याकडे तोंड करून होतं. क्षणभर तसेच उभे राहिले, मग हात हळूच खाली आला. घसा खाकरत त्यांनी गाडीच्या ड्रायव्हरला हाक मारली.

"मोरे, हे जरा तुम्ही करा."

मोरे आत आला. मांडण्या बघितल्या आणि त्याने आधी पायातल्या चपला काढून बाहेर ठेवल्या. "साहेब, माझ्या घरी दीड दिवसाचा असतो," तो म्हणाला. "मला नका सांगू."

"सरपंच?" सबनीस दाराकडे वळले. "तुम्ही जबाबदार माणूस आहात."

हसुराम खुर्चीतून उठलाच नाही. त्याच्या घरी पाच दिवसांचा गणपती यायचा, गावात सगळ्यात मोठा, आणि त्याचे डोळे दर वर्षी ठमाबायच काढायची. "मी कसा?" तो म्हणाला. "म्हणजे माझं तसं काही नाही, पण गावाच्या भावना..."

"काल भावना नव्हत्या फोन करताना?" मी विचारलं.

"सुबद्रे, गप," ठमाबाय म्हणाली आणि उठली. "साहेब, आमच्यात इसर्जन करतात. पान्यात इरघलली की झालं ना तुमचं काम? मूर्ती नाय, चिन्ह नाय, काय नाय. घ्या फोटो."

सबनीसांना तेवढंच हवं होतं. "चालेल," ते म्हणाले. "पाण्यात तर पाण्यात. लवकर करा."

हसुरामचा चेहरा उजळला. सुंठीवाचून खोकला गेला होता. "काकी, मी टेम्पो सांगतो खाडीवर न्यायला."

"खाडीला ओहोटी हाय. चिखलात फेकू?"

"मग तळ्यात."

"तल्याचा पानी लोक पितात. रंगाचा पानी पोरांना पाजू? मैदानात खड्डा करू. पोरी पानी वततील."

हसुरामने खांदे उडवले. कुठे का विरघळेनात, पाटी उतरली की त्याचं काम झालं होतं.

मी आयुष्यात पुष्कळ विसर्जनं बघितली, पण असं बघितलं नाही. पुढे ठमाबाय, मागे मुली, प्रत्येकीच्या डोक्यावर पाट आणि पाटावर मुंगसांची रांग, हात वर केलेली. ढोल नाही, ताशा नाही. रस्त्यावरची माणसं आधी हसली आणि मुंगसं जवळ आली तसं हसायचं विसरून बाजूला झाली. एका म्हाताऱ्याने डोक्यावरची टोपी काढली. सबनीस मागून गाडीत बसून येत होते. त्यांच्या गाडीत पुढे बसलेला हसुराम लोकांना हात दाखवत होता, जणू वरात त्याचीच.

मैदानाच्या मधोमध, जिथे मध्यरेषा असते तिथे, मुलींनी खड्डा केला. हंड्यांनी पाणी आणून ओतलं. प्रणालीने पहिलं मुंगूस आत ठेवलं. शाडू पाण्यात पडला की आधी बुडबुडे येतात, मग कडा सुटतात. बनियन गेला, चिन्ह गेलं, वर केलेला हात गेला. डोळे सगळ्यात शेवटी गेले. प्रणाली रडत नव्हती, पण एकेक मुंगूस ठेवताना ती ओठ असे घट्ट धरत होती की ते पांढरे पडले होते. सबनीसांनी फोटो काढले. मग मोरेने दोघांना हाताशी घेऊन पाटी उतरवली आणि गाडीवर बांधली. मी सकाळीच पुसली होती.

गाडी गेली, लोक पांगले. मी ठमाबायवर उलटले. मुलींसमोर उलटले, याचं मला तेव्हा काही वाटलं नाही.

"झालं समाधान? दोन ठिपके! दोन ठिपके काढायला सांगितले होते तुमाला. एवढी परवानगी मिलवली, एवढी पाटी लागली, सगळी तुमच्या डोल्यांनी खाल्ली. आनि वर त्या हसुरामला आमंत्रण. उद्या इथं कंटेनर येतील आनि पोरींच्या गल्यात मंगलसूत्रं!"

ती खड्ड्यावर माती लोटत होती. पायाने दाबायची ती हाताने दाबत होती.

"घरी चल," ती म्हणाली. "भात लावाचा हाय."

मी तिच्याशी बोलणं टाकलं. एका घरात, एका चुलीवर, न बोलता राहणं ही सोपी गोष्ट नाही, पण मी केली. मीठ हवं असलं तर नवऱ्याकडून मागवायची, आणि मिठाचा डबा तिच्या हाताशी असायचा.

हसुरामने वेळ घालवला नाही. महोत्सव मुंबईत सुरू व्हायच्या आधीच एका सकाळी मैदानावर रोडरोलर आला. प्रणाली धावत सांगायला आली, तेव्हा मी चुलीपुढून तशीच उठले. ठमाबाय माझ्याआधीच तिथे पोचली होती. मैदानाच्या मधोमध, माती भरलेल्या त्या जागेशेजारी, घरून आणलेल्या पाटावर ती बसली होती. अर्धं गाव जमलं होतं. रोलरवाला शेजारच्या गावचा होता, यंत्र चालू ठेवून काय चाललंय ते बघत होता.

"काकी, ऊठ," हसुराम म्हणाला. "जमीन पंचायतीची हाय."

"हाय ना. मी कदी बोल्ले माजी हाय?"

"मग रोलर फिरू दे."

"फिरव. मी कुठं अडवतंय? एक फक्त सांग. हिथं खाली कोन हाय?"

"कोन म्हंजे? माती हाय. शाडू."

"शाडू." तिने मान डोलावली. "मग त्या दिवशी हात कोनाला जोडलेस? नारल कोनाच्या पुडं फोडलास? सगल्या गावान बघितला. बाप्पा गावाचा भला कर, कोनाला बोल्लास? शाडूला?"

हसुराम हसला, पण एकट्याने हसला. "काकी, ती गंमत व्हती."

"गंमत! हात धुऊन, डोले मिटून गंमत!" ती आता उठून उभी राहिली. तिचा आवाज मैदानाच्या पलीकडे गेला. "तुज्या घरच्या गनपतीचे डोले कोन काढतं, हसुराम?"

हसुराम रोलरकडे बघायला लागला.

"बोल ना. गावाला ऐकू दे."

"तूच काढतेस."

"ह्योच हात. ह्योच ब्रश. तुज्या घरात बसला तो देव, आनि हिथं झोपलाय तो शाडू? मग यंदा तुज्या घरीपन शाडूच बसव. बिगर डोल्यांचा."

कोणीतरी "अगो बाय" म्हणालं. हसुरामची बायको गर्दीत होती, तिने पदराचं टोक तोंडात धरलं. पण हसुराम सहजासहजी हरणारा नव्हता.

"ठीक हाय," तो म्हणाला. "देव तर देव. मग या पोरी कशा नाचतात त्याच्या उरावर? रोलर चालत नाय, आनि यांचे पाय चालतात? मैदानपन बंद कर मग. कोनीच नको."

त्याने बरोबर जागी बोट ठेवलं होतं. गावातली चारदोन माथी हलायलाही लागली.

ठमाबाय माझ्या नणंदेकडे वळली. "प्रणाली, आत ये."

प्रणाली रेषेबाहेर उभी होती. ती आली. आणि आत पाऊल टाकायच्या आधी, रोज करते तसं, कोणी न सांगता, ती वाकली. मातीला हात लावला, तो कपाळाला लावला, छातीला लावला, मग आत उतरली. कबड्डीची पोर मैदानाच्या पाया पडल्याशिवाय आत पाय टाकतच नाही. इतकी सवयीची गोष्ट होती, की आमच्यापैकी कोणाला ती कधी दिसलीच नव्हती.

"बगलास?" ठमाबाय म्हणाली. "पोरी पाया पडून उतरतात. तुजा कंटेनर पाया पडतं काय?"

पहिला हसला तो रोलरवाला. मग सगळं मैदान हसलं, पोरी तर पोट धरधरून हसल्या. रोलरवाल्याने यंत्र बंद केलं, खाली उतरला, चपला काढून हातात घेतल्या आणि हसुरामला म्हणाला, "सरपंच, दुसरा मानूस बगा. माज्या घरी पोरंबालं हायत." दुसरा माणूस हसुरामने पुष्कळ शोधला. आमच्या खाडीच्या दोन्ही काठांवर घरोघरी गणपती बसतो; असा माणूस मिळणार कुठून? बाहेरगावचा एकजण तयार झाला होता म्हणे, पण त्याला चहा पाजताना कोणीतरी सगळी हकीकत सांगितली. कोणी सांगितली, ते मी सांगणार नाही. कंपनीने पुढे रस्त्याकडेला दुसरी जागा घेतली.

त्या दुपारी मी स्वतःहून तिच्याशी बोलले. नमतं घेऊन नव्हे, मला राहवत नव्हतं म्हणून.

"आय, त्या दिवशी तुमाला सुचलं कसं? इसर्जन, मैदान, सगला."

"कुठल्या दिवशी?"

"सबनीस आला त्या दिवशी."

तिने माझ्याकडे कीव केल्यासारखं बघितलं. मग पाटावर चढून कारखान्याच्या माळ्यावर हात घातला, एक फडकं काढलं आणि माझ्या हातात दिलं. फडक्यात मुंगूस होतं. आमच्याच साच्यातलं. बनियन, चिन्ह, वर केलेला हात. आणि डोळ्यांच्या जागी दोन काळे ठिपके, चित्रात होते तसेच, गोल, एकसारखे, जराही न ओघळलेले.

"यो पयला केला व्हता," ती म्हणाली. "तू पानी भराला जेलीस तवा."

मी ते उजेडाला धरून फिरवून बघितलं. "म्हंजे तुमाला ठिपके..."

"ठिपके कोनाला येत नाय?"

"मग मला बोल्लात का नाय?"

"तू पाटी पुसत व्हतीस," ती म्हणाली. "पाटी बाहेरून आलेली. ती लावनारा येतंय, तसा काढनारापन येतंय. मना अशी वस्तू पायजे व्हती का ती काढाला हसुरामचाच हात उचलाचा नाय. म्हनून नारल त्याच्याच हातान फोडला." मग ती थांबली. "तो मुंबईवाला येईल, तो मना काय ठाऊक नव्हता. मी मुंगसं शालांत वाटून एक मैदानावर बसवनार व्हते. तो आला आनि सगलीच मैदानात जेली. बरा झाला."

हसुरामच्या तोंडावर सगळं गाव हसलं तेव्हा मला आनंद झाला होता. पण ते मुंगूस हातात धरून मला तिचा राग आला, भयंकर राग आला. आपण भांडलो, रडलो, बोलणं टाकलं, आणि ही बाई भात शिजवत बसली होती! आणि त्या रागातच मी तिच्या पाया पडले. तिने पाय मागे घेतले नाहीत. तिला ते आपलं येणंच वाटलं असावं.

ठमाबाय आता नाही. आखणी मी करते. हसुराम आहे. समोरून आला की मी तोंड फिरवते, आणि दर वर्षी त्याच्या गणपतीचे डोळे काढते, दोन्ही नेमाने. मैदानही आहे. प्रणाली आता तिथे मुलींना शिकवते. महोत्सव कधी झाला, कोण जिंकलं, कोणाला आठवत नाही. पण नवी मुलगी पहिल्यांदा आत उतरताना वाकली, की गावातली म्हातारी माणसं तिच्या हाताकडे बघतात.

ते दोन ठिपक्यांचं मुंगूस माझ्याकडे बरीच वर्षं होतं. मागल्या शिमग्यात नातवाने खेळताना पाडलं, त्याचे चार तुकडे झाले. तो रडायला लागला.

"रडू नको," मी त्याला सांगितलं. "ती माती होती."

मग मी केरसुणी घेतली आणि ते लोटून टाकलं.